घोड्याचा पाय सुजतो तेव्हा

माथेरानला मोटारींना मज्जाव आहे. तिथे पर्यटकांना आणि त्यांच्या सामानाला वाहून नेण्याचे काम अजूनही घोडे करतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर घोडे आहेत, लग्नसराईत नवरदेवाला मिरवणारे घोडे तर गावोगावी आहेत. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. या सगळ्या ठिकाणी घोडा म्हणजे कुणाच्या तरी घरातली रोजची भाकरी असते. म्हणून सकाळी तबेल्यात गेल्यावर घोड्याचा पाय सुजलेला दिसला, की मालकाच्या पोटात गोळा येतो.

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, फिरवून आण, उतरेल. दुसरा म्हणतो, अजिबात हलवू नकोस. तिसरा गरम शेक द्यायला सांगतो, चौथा गार पाण्याची धार धरायला. एखादा अनुभवी म्हातारा सांगतो, डाग दे. गंमत अशी, की यातले पहिले चारही सल्ले परस्परविरोधी असूनही प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या सुजेत बरोबर असतो आणि दुसऱ्या एखाद्या सुजेत घातक ठरतो. याचे कारण सोपे आहे. सूज हा रोग नव्हे, ती एक खूण आहे. ही खूण कशी उमटते हे कळले, तर कोणता सल्ला केव्हा मानायचा हेही कळते. पाचव्या सल्ल्याकडे आपण शेवटी वळू.

घोड्याचा गुडघा कुठे असतो?

घोड्याचे चित्र फळ्यावर काढून विद्यार्थ्यांना विचारा, पुढच्या पायाचा गुडघा दाखवा. बहुतेक जण पायाच्या मधोमध वाकणारा सांधा दाखवतील. पण तो गुडघा नाही, ते मनगट आहे. घोड्याचा पुढचा पाय म्हणजे आपला हात. मागच्या पायात मधोमध जो टोकदार सांधा मागे निघालेला दिसतो, ती आपली टाच. त्याचा खरा गुडघा पोटाजवळ, वरच्या भागात असतो.

म्हणजे घोडा चवड्यावरसुद्धा उभा नसतो. तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या, मधल्या बोटाच्या टोकावर उभा असतो. त्या बोटाचे नख म्हणजे खूर. चारपाचशे किलो वजनाचे जनावर चार नखांवर उभे आहे. त्यातही सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो.

या रचनेचा मोठा फायदा वेगात होतो. पाय हलवणारे जाडजूड स्नायू सगळे वर, खांद्यात आणि पुठ्ठ्यात आहेत. खाली उरली ती हाडे, त्यांना बांधणारे अस्थिबंध, स्नायूंची ओढ खुरापर्यंत पोचवणाऱ्या दोरीसारख्या कंडरा आणि वर कातडी. पायाचे टोक हलके असल्याने ते झटकन पुढेमागे करता येते. पण याची किंमतही द्यावी लागते, आणि ती रक्ताभिसरणात द्यावी लागते.

पाण्याचा हिशोब

हृदय रक्त ढकलते, ते धमन्यांतून खुरापर्यंत जाते. वाट उताराची असल्याने त्यात अडचण नाही. परत येताना मात्र चढ आहे. खुरापासून हृदयापर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरू. एक मीटर उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या ७५ ते ८० मिलिमीटरइतका भरतो. घोडा निश्चल उभा असेल, तर खालच्या केशवाहिन्यांवर हृदयाने दिलेल्या दाबाखेरीज हा दाबही पडतो.

केशवाहिन्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात. दाबामुळे रक्तातले पाणी त्यांतून बाहेर झिरपते. ते परत आत का येते? रक्तात प्रथिने असतात, मुख्यतः अल्ब्युमिन. ही प्रथिने सहसा भिंतीबाहेर जात नाहीत आणि पाण्याला आत धरून ठेवतात. बाहेर ढकलणारा दाब आणि आत धरणारी ओढ यांची ही रस्सीखेच इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने १८९६ साली मांडली. निरोगी शरीरात बाहेर जाणारे पाणी थोडे जास्तच असते. हे उरलेले पाणी, त्यातली चुकार प्रथिने आणि कचरा गोळा करून रक्तात परत सोडण्यासाठी शरीरात वाहिन्यांचे आणखी एक जाळे असते. त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. शेतातले जादा पाणी काढून देणारे चर असतात, तशा या वाहिन्या.

आता सूज म्हणजे काय हे एका वाक्यात सांगता येईल. पाणी बाहेर पडण्याचा वेग ते परत नेण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, की पेशींच्या मधल्या जागेत पाणी साठते, तीच सूज. असे होण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. एक, शिरांतला दाब वाढणे. दोन, रक्तातली प्रथिने कमी होणे, जसे कुपोषणात किंवा जंतांच्या उपद्रवात होते. तीन, मार किंवा जंतुसंसर्ग यांमुळे केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या होणे. चार, लसिकावाहिन्या तुंबणे. घोड्याच्या सुजलेल्या पायापुढे उभे राहिल्यावर आपल्याला खरे तर एवढेच ओळखायचे असते, की यांपैकी कोणती वाट मोकळी झाली आहे.

खुरातला पंप

शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. परीक्षेच्या वेळी तीन तास वर्गात उभे राहून पर्यवेक्षण केले, की संध्याकाळी चप्पल घट्ट होते आणि मोज्याचा वण घोट्यावर उमटतो. तेवढाच वेळ चालत राहिलो असतो, तर पाय इतके सुजले नसते. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तो चालू लागला, की हाच दाब ३० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. पोटरीचे स्नायू आकसताना शिरा पिळतात आणि रक्त वर जाते. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असल्याने ते खाली परतत नाही. या झडपांचा खरा अर्थ विल्यम हार्वीने १६२८ साली, हाताला पट्टी बांधून करायच्या साध्या प्रयोगांनी दाखवून दिला होता.

पण घोड्याच्या पायात खाली स्नायूच नाहीत. मग पिळणार कोण? हे काम बऱ्याच अंशी खूरच करतो. खुराच्या तळाशी मागच्या बाजूला एक त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, त्याच्या वर एक लवचीक गादी आणि सभोवती शिरांचे दाट जाळे. पाय टेकला, वजन पडले, की गादी दाबली जाते आणि जाळ्यातले रक्त वर ढकलले जाते. पाय उचलला, की जाळे पुन्हा भरते. जोडीला प्रत्येक पावलागणिक सांधे वाकतात, कंडरा ताणल्या जातात, त्यांच्याबरोबर शिरा आणि लसिकावाहिन्याही पिळल्या जातात. थोडक्यात, घोडा चालतो तेव्हा त्याच्या पायातला पंप चालू असतो, आणि तो दावणीला उभा असतो तेव्हा पंप जवळजवळ बंद असतो.

मोकळ्या रानात घोडा चरत चरत दिवसभर हळूहळू पावले टाकत असतो. त्याला चोवीस तास आखूड दाव्याला बांधणे ही माणसाची सोय आहे, घोड्याच्या शरीराची गरज नव्हे.

जिराफाचे पाय का सुजत नाहीत?

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की मग जिराफाचे काय? त्याचे हृदय खुरांपासून दोन मीटरच्या आसपास उंच असते आणि त्याचा रक्तदाबही मोठा असतो. त्याचे पाय तर फुग्यासारखे फुगायला हवेत. १९८७ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जिराफाच्या शरीरातले दाब प्रत्यक्ष मोजले होते. उत्तर असे मिळाले, की त्याच्या पायाची कातडी आणि तिच्याखालचे आवरण इतके घट्ट असते, की पाणी साठायला जागाच मिळत नाही. बाहेरून पडणारा हा दाब आतल्या दाबाला तोंड देतो. लढाऊ विमानाच्या वैमानिकांचा दाबपोशाख याच तत्त्वावर चालतो. सुजलेल्या पायाला आपण जे बँडेज बांधतो, ते म्हणजे जिराफाच्या कातडीची नक्कलच होय.

सोमवारचा पाय

युरोपातल्या शहरांत मालाच्या गाड्या घोडे ओढत, त्या काळची ही गोष्ट. घोडे सहा दिवस राबत, रविवारी सुट्टी. सुट्टीतही त्यांना चंदी मात्र कामाच्या दिवसाइतकीच मिळे. सोमवारी सकाळी पाहावे तो एखाद्या घोड्याचा मागचा पाय सुजलेला. म्हणून या सुजेला ‘सोमवार सकाळचा पाय’ असे नाव पडले. (सुट्टीनंतर काम सुरू करताच स्नायू आखडण्याच्या एका वेगळ्या विकारालाही ‘सोमवारचा आजार’ म्हणतात. दोन्हींची गल्लत करू नये.)

या नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी लपतात, आणि त्यांतला फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे.

पहिली गोष्ट साधी. रात्रभर उभे राहिल्याने बहुधा दोन्ही मागच्या पायांना, कधी चारही पायांना, खुरापासून मधल्या सांध्यापर्यंत सारखी सूज येते. पाय गार असतो, दाबले तर दुखत नाही, घोडा लंगडत नाही, खातोपितो. अंगठ्याने दहापंधरा सेकंद दाबून धरले तर खळगा पडतो आणि सावकाश भरतो. अर्धा तास फिरवले की सूज उतरू लागते. इथे फक्त पंप बंद होता. पावसाळ्यात पर्यटक आटले, लग्नाचे मुहूर्त संपले, की उभ्या राहणाऱ्या घोड्यांत असे पाय वरचेवर दिसतात.

दुसरी गोष्ट गंभीर. बहुतेक वेळा एकच मागचा पाय, रातोरात, कधी मांडीपर्यंत सुजतो. पाय गरम असतो, हात लावू देत नाही, घोडा त्यावर भार टाकत नाही. अंगात ताप असतो आणि चंदीला तोंड लावत नाही. हा कातडीखालचा आणि लसिकावाहिन्यांचा जंतुसंसर्ग असतो. जंतू शिरायला खरचटलेली एवढीशी जागा पुरते. चिखलात सतत भिजून खुरामागच्या खोबणीतली कातडी चिरते, तीही पुरते. म्हणजे चर तुंबले आहेत आणि वरून पाट फुटला आहे, अशी ही दुहेरी आपत्ती. इथे पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवावे लागते. दोनचार दिवस वाट पाहिली, तर लसिकावाहिन्यांच्या झडपा कायमच्या बिघडतात, साठलेल्या प्रथिनयुक्त पाण्याच्या जागी तंतुमय ऊतक तयार होते, आणि पाय जन्मभर हत्तीच्या पायासारखा जाड राहतो. असा पाय पुन्हा पुन्हा सुजतो.

पाहायचे काय?

उपचाराआधी निरीक्षण, हा नियम इथेही लागू आहे. पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१. सूज एका पायाला की अधिक पायांना? दोन्ही पायांना सारखी आणि गार असेल तर कारण बहुधा अभिसरणाचे. एकाच पायाला असेल तर मार, जखम किंवा जंतू.

२. पाय गरम आहे का? एक हात सुजलेल्या पायाला आणि दुसरा त्याच जागी चांगल्या पायाला लावून तुलना करावी. दुसरा पाय हा आपला आयता ‘नियंत्रण नमुना’ आहे.

३. सूज नेमकी कुठे? पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, मनगटाखाली धनुष्यासारखा बाक आला असेल, तर कंडरेला इजा झाली आहे. सूज सांध्याभोवती असेल तर प्रकरण नाजूक. सांध्यावर जखम असून त्यातून तारेसारखा चिकट, पिवळसर द्रव येत असेल, किंवा लहान शिंगराचा सांधा सुजला असेल, तर तासांचाही विलंब चालत नाही.

४. घोडा लंगडतो का? अगदी पाय टेकवत नसेल, तर हाड मोडल्याची किंवा खुरात पू झाल्याची शक्यता असते. खुरात खिळा रुतला आहे का हे पाहावे. खिळा दिसला तर तो पशुवैद्याला दाखवल्याशिवाय उपटू नये. तो किती खोल आणि कुठल्या दिशेला गेला, ही माहिती त्यातच असते.

५. ताप आहे का? मोठ्या घोड्याचे गुदद्वारातून घेतलेले तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. विश्रांतीत हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४.

६. पायावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी येऊन त्या फुटत आहेत का? असे दिसले तर घोडा ताबडतोब इतरांपासून वेगळा बांधावा. शेंबा म्हणजे ग्लँडर्स या रोगात असे होते. तो माणसालाही होतो आणि भारतात त्याचे रुग्ण-घोडे आढळलेले आहेत. त्याची खबर पशुसंवर्धन खात्याला देणे आवश्यक असते.

करायचे काय?

गार, न दुखणाऱ्या, सारख्या सुजेवर उपाय पंप चालू करण्याचा. घोड्याला हळूहळू फिरवावे, काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करून वैरण वाढवावी, शक्य तितका वेळ मोकळे सोडावे. सूज रोज येत राहिली, तर जंत, कमी प्रथिने, हृदय किंवा यकृत यांची तपासणी हवी.

ताज्या मारावर किंवा लचकेवर उलट वागायचे. घोड्याला उभा ठेवायचा आणि गार पाण्याची धार पंधरावीस मिनिटे, दिवसातून तीनचार वेळा धरायची. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, गळती आणि वेदना कमी होतात. पहिल्या दोनतीन दिवसांत शेक दिला, तर वाहिन्या रुंदावून गळती वाढते. कंडरा दुखावली असताना घोड्याला फिरवणे म्हणजे अर्धवट तुटलेला दोर पुन्हा ओढणे होय.

बँडेजमागे थोडे भौतिकशास्त्र आहे. गोल वस्तूवर ताणून बांधलेल्या पट्टीचा दाब ताणाच्या समप्रमाणात आणि वस्तूच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. तोच ताण अरुंद पट्टीवर आला तर दाब आणखी वाढतो. पायाच्या मागच्या बाजूला कंडरेची कड निघालेली असते. तिथे त्रिज्या लहान, म्हणून दाब सर्वांत जास्त. नुसती चिंधी किंवा सुतळी आवळली, तर नेमकी कंडराच चेपली जाते आणि तिथली कातडीही मरू शकते. म्हणून आधी कापसाचा जाड, सारखा थर द्यावा, त्यावर रुंद पट्टी एकसारख्या ताणाने गुंडाळावी आणि ती रोज सोडून पाहावी. जंतुसंसर्ग झालेला गरम पाय चोळू नये.

जखम स्वच्छ पाण्याने धुवावी. धनुर्वाताच्या बाबतीत घोडा फार नाजूक असतो, त्यामुळे जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या लसीबद्दल पशुवैद्याला विचारावे. गोठ्यात उरलेले वेदनाशामक औषध अंदाजाने टोचू नये. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे त्यांची मढी खाणारी गिधाडे मेली, आणि म्हणून भारतात २००६ मध्ये पशुवैद्यकातला त्याचा वापर बंद करण्यात आला. एका पायाच्या सुजेवरचे औषध आकाशातल्या पक्ष्यापर्यंत कसे पोचते, याचे हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

डाग देण्याबद्दल

आता पाचवा सल्ला. तापवलेल्या लोखंडाने सुजलेल्या पायावर रेघा किंवा ठिपके भाजायचे, याला डाग देणे म्हणतात. ही प्रथा फक्त आपल्याकडची नाही. युरोपातही शतकानुशतके शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरांवर पशुवैद्यच डाग देत असत. समजूत अशी, की भाजल्याने रक्तपुरवठा वाढतो आणि जुनी इजा भरून येते. डाग दिलेले अनेक घोडे खरोखरच बरे होत, म्हणून समजूत टिकून राहिली.

इथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे, की घोडा डागामुळे बरा झाला हे कशावरून? डाग दिलेल्या घोड्याचा पाय इतका दुखतो, की त्याला कित्येक महिने कामाला जुंपता येत नाही. आणि दुखावलेल्या कंडरेला भरून यायला नऊ महिने ते वर्षभर विश्रांतीच लागते. मग गुण डागाचा की विश्रांतीचा? शिवाय पहिल्या प्रकारची साधी सूज तर काही न करताही उतरते. तिच्यावर कोणताही लेप लावा, श्रेय लेपालाच मिळणार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हा काकतालीय न्याय.

याचा निकाल लावण्याचा मार्ग एकच. सारखी इजा झालेले घोडे घ्यायचे, सर्वांना सारखी विश्रांती द्यायची, निम्म्यांना डाग द्यायचा, निम्म्यांना नाही, आणि तुलना करायची. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात कंडरांच्या इजेवर झालेला सविस्तर अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. डाग दिल्याने कंडरा लवकर किंवा अधिक चांगली भरून येते, असे त्यात आढळले नाही. १९९१ मध्ये तिथल्या पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेने ही पद्धत व्यवसायाच्या नीतीला धरून नाही असे ठरवले. शतकानुशतकांचा ‘अनुभव’ एका नीट आखलेल्या तुलनेपुढे टिकला नाही.

डाग देणारा माणूस दुष्ट असतो असे मुळीच नाही. त्याला आपला घोडा वाचवायचा असतो. घोडा सहा महिने बसून राहिला तर घर कसे चालायचे, हा त्याचा प्रश्नही खरा आहे. पण विश्रांती दोन्हीकडे द्यावीच लागते. डागात तेवढ्याच विश्रांतीवर वेदनेची भर पडते. हे त्याला समजावून सांगायचे तर त्याच्याच घोड्यापाशी उभे राहून, सुजेवर त्याचाच अंगठा दाबायला लावून आणि दोन्ही पायांवर त्याचाच हात ठेवून सांगावे लागेल.

वर्गात करून पाहा

एक हात वर आणि एक खाली सोडून एक मिनिट उभे राहा. मग दोन्ही हात समोर आणून पंजांवरच्या शिरा पाहा. खाली सोडलेल्या हाताच्या शिरा फुगलेल्या दिसतील. दुसरा प्रयोग, सकाळी शाळेत येताना आणि संध्याकाळी जाताना घोट्याचा घेर दोऱ्याने मोजा. बसून काढलेला दिवस, उभ्याने काढलेला दिवस आणि खेळाचा दिवस यांची आठवडाभर नोंद ठेवा. फरक काही मिलिमीटरांचा असेल, म्हणून मोजण्याची जागा शाईने खूण करून ठरवून घ्या आणि प्रत्येक वेळी तीनदा मोजून सरासरी काढा. गावात घोडा असेल, तर मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या देखरेखीखाली, सकाळी फिरवण्याआधी आणि नंतर घोड्याच्या पायाचेही असेच मोजमाप घेता येईल. मोजणाऱ्याने घोड्याच्या बाजूला उभे राहावे, मागे कधीही नाही.